जी४१ बोर्डावर क्यू६६०० तीनशेच्या पुढे का सरकत नाही

प्रश्न गंगाखेडच्या एका भावाचा आहे. ते लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करतात. जुना जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, त्यावर सेकंडहँड घेतलेला कोअर टू क्वाड क्यू६६००, डीडीआर२ ८०० च्या दोन-दोन जीबीच्या दोन पट्ट्या आणि ४५० वॅट लिहिलेला साधा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा. वेग वाढवण्यासाठी (ओव्हरक्लॉक) त्यांनी एफएसबी, म्हणजे प्रोसेसर आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या बसचा क्लॉक, २६६ वरून ३०० मेगाहर्ट्झ केला, चाललं. ३१० ला निळा स्क्रीन, ३२० ला डिस्प्लेच आला नाही. ३०० वरही दुपारी रेंडर लावला की मशीन बंद पडतं, रात्री तोच रेंडर पूर्ण होतो. आणि काही दिवशी सकाळी बघावं तर सगळं आपोआप मूळ २.४ गिगाहर्ट्झवर आलेलं. त्यांनी विचारलंय, प्रोसेसरच कमजोर निघाला का, दुसरा घेऊ का?

भाऊ, दुसरा प्रोसेसर घेऊ नका. तुम्ही एकाच दुखण्याची तीन लक्षणं समजून लिहिलंय, पण ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि माझ्या अंदाजाने एकाचंही मूळ प्रोसेसरमध्ये नाही. मी परभणीत गेली बरीच वर्षं बोर्ड दुरुस्तीचं काम करतो. ७७५ सॉकेटचे, म्हणजे तुमच्यासारखेच जुने बोर्ड अजूनही आठवड्याला दोन-चार येतात, आणि दहातल्या सात वेळा अडचण आजूबाजूलाच निघते.

आधी ३१० चं बघू. तुमचा बोर्ड जी४१ आहे, म्हणजे १३३३ एफएसबीचा ई८४०० सारखा प्रोसेसर तो कंपनीच्या सेटिंगवरच चालवतो. १३३३ म्हणजे खरा क्लॉक ३३३, तो चौपट करून लिहितात. जो बोर्ड ३३३ वर चालण्यासाठीच बनवलाय तो ३१० ला थकेल कशाला? क्यू६६०० च्या पोटात दोन वेगळ्या चकत्या आहेत, दोन-दोन कोअरच्या, आणि दोघी एकाच बसवर भार टाकतात. त्यामुळे क्वाडची भिंत ड्युअलपेक्षा अलीकडे लागते हे खरं. पण ती भिंत ३१० वर लागत नाही.

राहिली रॅम. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगच्या पडद्यावर) मेमरीची ओळ ऑटोवर आहे ना? मग हा हिशोब करा. तुमचा प्रोसेसर २६६ चा, पट्टी ८०० ची, म्हणजे तिचा खरा क्लॉक ४००. बोर्डाने २६६ ला ४०० असं गुणोत्तर धरलं, दोनास तीन. आता तुम्ही एफएसबी वाढवला की रॅमही त्याच पटीत पळते. ३०० ला ती ९०० वर गेली, ३१० ला ९३०, ३२० ला ९६०. ८०० लिहिलेली साधी पट्टी ९०० सोसते, ९३० ला चुका करते, ९६० ला उठतच नाही. तुमची लक्षणं नेमकी याच क्रमाने आलीत. आणि ३३३ ला तर ती १००० वर गेली असती. तुम्ही प्रोसेसर ओव्हरक्लॉक करतोय असं समजत होता, खरी ओढाताण रॅमची चालली होती.

खात्री करून घ्यायची तर मल्टिप्लायर, म्हणजे एफएसबीला ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो आकडा, ९ वरून ६ करा. तुमच्या बायोसमध्ये तो पर्याय असेल तर ही चाचणी फार मोलाची आहे. ६ गुणिले ३१० म्हणजे १८६० मेगाहर्ट्झ, प्रोसेसर त्याच्या मूळ वेगापेक्षाही हळू चालतोय. तरीही निळा स्क्रीन आला तर प्रोसेसरवरचा संशय तिथेच मिटला. मग मेमरीची ओळ ऑटोवरून काढा. ५३३ दिसत असेल तर ते निवडा, गुणोत्तर एकास एक होईल आणि ३३३ ला रॅम ६६७ वर निवांत चालेल. बऱ्याच जी४१ बोर्डांत ५३३ दाखवत नाहीत, फक्त ६६७ आणि ८०० असतं. तसं असेल तर ६६७ घ्या. गुणोत्तर चारास पाच होतं, ३३३ ला रॅम ८३३ वर जाते. एवढं बहुतेक पट्ट्या सहन करतात. नाही केलं तर टायमिंग ५-५-५-१८ चं ६-६-६-१८ करा. व्होल्टेज १.८ चं १.९ केलं तरी चालेल, पण त्यापुढे पट्टीवर तसं छापलेलं असल्याशिवाय जाऊ नका. इथे गोंधळ होतो तो एवढ्यासाठीच की बायोसमधला ५३३ किंवा ६६७ हा आकडा २६६ च्या हिशोबातला असतो. तुम्ही एफएसबी वाढवला की खरा आकडा बदलतो. तो सीपीयू-झेड या प्रोग्रॅमच्या मेमरीच्या पानावर बघायचा, तिथे निम्मा दिसतो, दुप्पट करून घ्यायचा.

हे झालं की सगळ्यात आधी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावा, विंडोज उघडूच नका. रॅम चुका करत असताना विंडोज चालू केलं तर ती चुकीची माहिती डिस्कवर लिहिली जाते आणि मग क्लॉक खाली आणला तरी विंडोज बिघडलेलंच राहतं. असे पीसी माझ्याकडे येतात. मालक सांगतो, सेटिंग परत केली तरी हँग होतंय, आणि दोष निघतो बिघडलेल्या फाइलींत. त्याच कारणासाठी पीसीआय एक्सप्रेसचा क्लॉक ऑटोवर ठेवू नका, हाताने १०० टाका. साधा पीसीआय वेगळा दाखवत असेल तर ३३. काही जुन्या बोर्डांत ऑटोवर हे क्लॉक एफएसबीसोबत सरकतात आणि हार्डडिस्कच्या डेटावर घाला पडतो. तुमच्याकडे लोकांच्या लग्नाचं फुटेज आहे. चाचणी सुरू करण्याआधी ते दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून, ती डिस्क काढून कपाटात ठेवा. मुलीच्या पाठवणीचं शूटिंग दुसऱ्यांदा मिळत नाही.

आता दुपारचं दुखणं. याच्यावर जरा सविस्तर बोलावं लागेल, कारण आपल्याकडचा उन्हाळा कुठल्याच मॅन्युअलमध्ये धरलेला नसतो. त्या काळात प्रोसेसरसोबत डब्यात येणाऱ्या पंख्यासाठी इंटेलने पंख्यात शिरणारी हवा साधारण ३८ अंश धरली होती, तीही कॅबिनेटच्या आतली. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या दुकानात खोलीच ४१-४२ वर असते, कॅबिनेटच्या आत आणखी पाच-सात अंश वर. रात्री खोली २८ वर येते. म्हणजे दुपार आणि रात्र यात तेरा-चौदा अंशांचा फरक, आणि तो फरक जवळपास जसाच्या तसा प्रोसेसरच्या तापमानात उतरतो. रात्री कोअर टेम्प या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ७२ दिसतं म्हणून आपण खूश होतो, दुपारी तेच ८६ होतं. म्हणून माझ्याकडे नियम असा की जानेवारीत जमवलेलं सेटिंग पक्कं धरायचं नाही. दुपारी दोन वाजता, दुकानाचं शटर अर्धं ओढून, रेंडर लावून जे टिकेल तेच तुमचं सेटिंग.

पण बंद पडण्याचा प्रकार कोणता ते आधी नीट बघा. मशीन एकदम मेल्यासारखं बंद होतं आणि तसंच राहतं, की आपोआप परत सुरू होतं, की बंद न होता नुसतं मंदावतं? तिन्ही वेगळे. प्रोसेसर तापला तर आधी तो स्वतःच वेग कमी करतो, रेंडर चालू असताना सीपीयू-झेडमध्ये मल्टिप्लायर ९ चा ६ होताना दिसतो. (काम नसताना ६ दिसला तर घाबरू नका, ती वीज वाचवण्याची सोय आहे.) त्यापुढेही तापला तर बोर्डाला वीज तोडायला लावतो, मशीन एकदम बंद. आपोआप रिस्टार्ट होत असेल तर बहुधा व्होल्टेज पडतंय, म्हणजे एसएमपीएस, यूपीएस किंवा बोर्डावरचा प्रोसेसरला वीज देणारा भाग.

हीटसिंकपासून सुरुवात करा. क्यू६६०० सोबत येणारा मूळ हीटसिंक उंच होता, मधोमध तांब्याचा गड्डा असलेला. सेकंडहँड प्रोसेसर घेतला की लोक जुन्या ड्युअल कोअरचा बुटका, पूर्ण ॲल्युमिनियमचा हीटसिंक तसाच बसवतात. तो ६५ वॅटसाठी आहे, तुमचा प्रोसेसर ९५ चा. झाकणावर एसएलएसीआर छापलं असेल तर ९५, जुना एसएल९यूएम असेल तर १०५. दुसरं म्हणजे त्या चार प्लास्टिकच्या पिना. बोर्ड बाहेर काढून उलटा करा आणि मागून चारही पिना बघा. पांढरी पिन फाकून मधून काळी पूर्ण आत आलेली दिसली पाहिजे. एक जरी अर्धवट असेल तर हीटसिंक त्या कोपऱ्यात कागदाएवढा उचललेला राहतो, आणि नुसत्या त्या फटीने पंधरा अंश जातात. पिना दहा-बारा वेळा काढ-घाल झाल्या की पकड सोडतात. मागे पट्टी आणि स्क्रू असलेला हीटसिंक मिळाला तर तोच घ्या, पैसे वसूल होतात.

त्यानंतर व्हीआरएम, म्हणजे बोर्डावरचा प्रोसेसरला वीज देणारा भाग. प्रोसेसरच्या शेजारी चौकोनी कॉइलींची रांग असते, तिच्याजवळचे काळे चपटे मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) बघा. तुमच्यासारख्या बोर्डात बहुधा तीन फेज (वीज वाटून देणारे समांतर भाग) असतात आणि मॉस्फेटवर हीटसिंक नसतो. आता हा हिशोब बघा. मूळ वेगाला ९५ वॅट आणि १.२५ व्होल्ट धरले तर ७६ अँपिअर लागतात, प्रत्येक फेजवर पंचवीसच्या आसपास. ३ गिगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्टला हेच साधारण १३८ वॅट होतात. वेग सव्वापट झाला आणि व्होल्टेजचा परिणाम वर्गाने वाढतो, म्हणून. म्हणजे १०२ अँपिअर, फेजमागे ३४. आणि मॉस्फेटमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, त्यामुळे वेग फक्त २५ टक्के वाढला तरी तिथली उष्णता पावणेदोन पटीच्या वर जाते. जुन्या स्वस्त बोर्डांवरचे ओव्हरक्लॉक इथे मरतात. माझ्या टेबलावर मागच्या मे महिन्यात असाच एक बोर्ड आला होता. मॉस्फेटखालचा हिरवा थर तपकिरी झालेला, त्याच्या बाजूचे दोन कपॅसिटर वरून फुगलेले. मालकाला वाटत होतं की वीज कोसळली.

तपासायला सोपा उपाय आहे. कॅबिनेटची बाजू उघडा, छोटा टेबल फॅन थेट त्या कॉइलींकडे लावा आणि भर दुपारी रेंडर सुरू करा. प्रोसेसरच्या तापमानात फारसा फरक न पडता बंद पडणं थांबलं, तर चोर सापडला. मग मॉस्फेटवर छोटे चिकटवायचे हीटसिंक लावा आणि ८० मिलिमीटरचा एक पंखा त्यांच्यावर कायमचा बसवा. हात लावून बघू नका, कातडी भाजेल एवढे ते तापतात. आणखी एक, उंच टॉवरचा कूलर घेतला तर प्रोसेसर गार होईल, पण मूळ पंखा वरून खाली हवा मारून मॉस्फेटलाही वारा देतो तो बंद होईल. तसा कूलर घेतला तर हा वेगळा पंखा लावलाच पाहिजे.

कपॅसिटर बघताना टॉर्च घ्या. वरचं टोपण सपाट हवं. थोडंसं जरी वर आलं असेल, बुडाशी तपकिरी डाग असेल, तर ओव्हरक्लॉकिंगचा विषय तिथेच थांबवा आणि आधी ते बदलून घ्या. दहा अंश जास्त तापमानात या कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं, म्हणून आपल्याकडे ते लवकर जातात. बदलताना १०५ अंशाचे, लो-ईएसआर लिहिलेलेच मागा. रेडिओ दुरुस्तीच्या डब्यातले साधे लावले तर महिन्याभरात परत फुगतात.

वीज. एसएमपीएसवर ४५० लिहिलंय याला अर्थ नाही, लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. १३८ वॅटच्या प्रोसेसरला बोर्डातली गळती धरून एकट्या १२ व्होल्टमधून १३-१४ अँपिअर हवेत, ग्राफिक्स कार्ड आणि डिस्क वेगळ्या. मल्टिमीटर घ्या, रिकाम्या डिस्क कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या तारेत लावा, रेंडर चालू असताना बघा. ११.४ च्या खाली गेलं तर एसएमपीएस बाद. तुमचा यूपीएस ६०० व्हीएचा असणार, तो साधारण ३६० वॅटचा, आणि बॅटरी दोन वर्षांची झाली की तेवढाही उरत नाही. गंगाखेड भागात दुपारी पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की लाइन १८० व्होल्टपर्यंत येते, यूपीएस बॅटरीवर उडी मारतो आणि भरल्या मशीनला तो क्षणभराचा धक्का सहन होत नाही. एक दिवस दुपारी यूपीएस बाजूला काढून चांगल्या स्टॅबिलायझरवर रेंडर करून बघा. हा प्रयोग फुकटचा आहे आणि त्याने बरेच जण पाचशे-हजाराच्या चुकीच्या खरेदीतून वाचलेत.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. मशीन गार राहावं म्हणून पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षाराचं. कूलरच्या गवतावर जो पांढरा थर बसतो तोच बारीक तुषारांतून बोर्डावर बसतो. वर धूळ बसली की दमट दिवसात पायांमध्ये करंट झिरपतो. कूलर खोलीत हवा खेळवेल असा ठेवा, कॅबिनेट त्याच्या झोताबाहेर आणि जमिनीपासून फूटभर वर.

तिसरं दुखणं दोन मिनिटांचं आहे. सकाळी सेटिंग २.४ वर येतं ते बोर्डावरच्या सेलमुळे. रात्री तुम्ही मेन स्विच बंद करता किंवा लाइट जाते, आणि सीआर२०३२ सेल संपलेला असल्याने बायोस सगळं विसरतं. घड्याळही मागे पडत असेल, बघा. मीटरवर २.७ च्या खाली दाखवत असेल तर नवा टाका. (३२० ला डिस्प्ले गेल्यावर बोर्ड दोन-तीनदा स्वतः प्रयत्न करून मूळ सेटिंगवर येतो, तो प्रकार वेगळा आणि तो चांगलाच आहे. नाही आला तर वायर काढून सेल पाच मिनिटं बाहेर ठेवायचा.)

आता व्होल्टेज. व्हीकोअर, म्हणजे प्रोसेसरचं व्होल्टेज, ऑटोवर अजिबात नको, बोर्ड गरजेपेक्षा जास्त देतो आणि ते सगळं उष्णतेत जातं. कोअर टेम्पमध्ये तुमच्या प्रोसेसरचा व्हीआयडी (कंपनीने त्याला ठरवून दिलेलं व्होल्टेज) बघा, तेवढाच हाताने टाका आणि ३३३ वर सुरुवात करा. बऱ्याच क्यू६६०० ना ३ गिगाहर्ट्झसाठी तेवढं पुरतं. बायोसमध्ये टाकलेला आकडा आणि भार आल्यावरचा आकडा सारखा नसतो, स्वस्त बोर्डात ०.०५ किंवा त्याहून जास्त पडतं. म्हणून सीपीयू-झेडमध्ये रेंडर चालू असतानाच वाचा. प्राइम९५ या ताण देणाऱ्या प्रोग्रॅममधली स्मॉल एफएफटी चाचणी लावा. एखाद्या कोअरची चाचणी चूक दाखवून थांबली आणि बाकीच्या चालू राहिल्या तर व्होल्टेज थोडं कमी पडतंय, एक पायरी वाढवा. सगळं जागच्या जागी गोठलं, माऊसही हलेना, तर बहुधा नॉर्थब्रिज, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम जोडणारी बोर्डावरची चिप. त्यावरचा छोटा हीटसिंक काढून वाळलेली पेस्ट बदला, जमलं तर ४० मिलिमीटरचा पंखा लावा. स्मॉल एफएफटी पास आणि ब्लेंड (त्याच प्रोग्रॅममधली, रॅमवरही भार टाकणारी चाचणी) नापास, तर परत रॅमकडे या. इंटेलच्या कागदावर या प्रोसेसरचा व्हीआयडी १.५ पर्यंत जाऊ शकतो हे खरं, पण तीन फेजच्या उघड्या मॉस्फेटवर आणि आपल्या मे महिन्यात मी १.३५ च्या पुढे जाऊ देत नाही.

३३३ च्या पुढे जावं का? माझं मत, नाही. ३३३ गुणिले ९ म्हणजे बरोबर ३ गिगाहर्ट्झ, बोर्डाला तो वेग ओळखीचा, रॅम आरामात. ३४०-३५० साठी नॉर्थब्रिजचं व्होल्टेज वाढवावं लागेल आणि हाती येईल आणखी पाच टक्के. २.४ ते ३ मध्ये तुम्हाला २५ टक्के मिळतात, तासाभराचा रेंडर चांगल्यात चांगला ४८ मिनिटांत होतो. पाच टक्क्यांसाठी लग्नसराईच्या ऐन हंगामात बोर्ड पणाला लावणं मला पटत नाही. त्याच पैशात एसएसडी लावा. जी४१ सोबतच्या आयसीएच७ चिपमध्ये एएचसीआय (डिस्क चालवण्याचा नवा, वेगवान मोड) नाही, त्यामुळे ती जुन्या आयडीई मोडमध्ये चालेल, पूर्ण वेग देणार नाही, तरी टाइमलाइनवर क्लिप ओढताना जे थांबणं होतं ते जाईल. रॅमही ८ जीबीपर्यंत नेता येते, मात्र विंडोज ६४ बिट हवं.

तुमचे मित्र एच६१ बोर्डावर दुसऱ्या पिढीचा आय५ टाकून हेच करायला निघालेत असं तुम्ही लिहिलंय. त्यांना थांबवा. तिथे अडचण शोधण्यासारखं काही नाही, कुलूपच आहे. २०११ च्या त्या पिढीत मूळ क्लॉक १०० चा आहे आणि साटा, पीसीआय एक्सप्रेस सगळं त्याच्याशी बांधलेलं, १०३ ते १०५ च्या पुढे मशीन डिस्कच ओळखेनासं होतं. मल्टिप्लायर वाढवायला पी६७ किंवा झेड६८ बोर्ड लागतो. के अक्षराचा प्रोसेसर असला तरी एच६१ त्याला वाढवू देत नाही. तुमचा जुना ७७५ या बाबतीत उलट मोकळा आहे.

सेल, रॅमचं गुणोत्तर, मग मेमटेस्ट, या क्रमाने जा, आणि दरवेळी एकच गोष्ट बदला. दोन एकदम बदलल्या की काय लागू पडलं ते कळत नाही. वहीत लिहून ठेवा. रविवारपर्यंत जमलं तर मला तीन आकडे कळवा: ३३३ वर मेमटेस्टने चूक न दाखवता किती फेऱ्या केल्या, दुपारच्या रेंडरमध्ये पिवळ्या तारेवर किती व्होल्ट दिसले, आणि त्या वेळी खोलीत थर्मामीटरवर किती होतं. पुढचं व्होल्टेज त्यावरून सांगतो.